हेमाताईचं लाल कार्ड

पत्रकात माणूस मावत नाही. हे मला पत्रकं लिहून लिहूनच कळलं. कागदाच्या दोन बाजू, वर संघटनेचं नाव, खाली मागण्या, आणि मधल्या चार ओळींत जो कोणी येतो त्याचा 'एक महिला कर्मचारी' नाहीतर 'एक अन्यायग्रस्त बांधव' होऊन जातो. हेमाताईवर मी पत्रक लिहिणार होतो. मजकूर तयार होता, शीर्षक तर असं झणझणीत की वाचणाऱ्याची चहाची बशी हातातच राहावी. तिनं छापू दिलं नाही. म्हणून हे लिहितोय. हे पत्रक नाही, यात मागणी नाही, आणि तिचं खरं नावही यात नाही.

हेमाताई आमच्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. म्हणजे रक्त काढणारी, तपासणारी, नळ्या धुणारी, अहवाल लिहिणारी आणि अहवाल मिळाला नाही म्हणून शिव्या खाणारी, सगळी एकटी हीच. मी त्याच इमारतीत संगणकावर आकडे भरायचो, अजूनही भरतो. दोघंही कंत्राटी. ज्यांना कंत्राटी म्हणजे काय हे माहीत नाही, ते सुखी लोक आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. अकरा महिन्यांचा आदेश मिळतो. तो संपला की एक दिवसाचा खंड, मग नवा आदेश. हा एक दिवस कशासाठी, तर आम्ही सलग नोकरीत होतो असं उद्या कोणत्या कोर्टात म्हणता येऊ नये यासाठी. त्या दिवशी कागदावर आम्ही नसतो. पण पेशंट असतात, म्हणून आम्ही येतो. सगळे येतात, काम करतात, आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. हेमाताई खंडाच्या दिवशी सुई टोचताना पेशंटला सांगायची, "आज दुखलं तर माहं नाव नोका सांगजा कोणाले. आज मी इथं नाही."

बाई ठेंगणी, रुंद खांद्यांची, चालताना गुडघे किंचित वाकवून चालायची. ही चाल कुठून आली ते मला बऱ्याच उशिरा कळलं. तिचं माहेर करडीचं, धानवाल्यांचं घर. तिच्या शाळेत कुठूनसे बदलून आलेले एक पीटीचे सर होते आणि त्यांना हॉकीचं वेड होतं. त्यांचं म्हणणं असं, की क्रिकेटमध्ये एकीच्या हाती बॅट असते आणि बाकीच्या पोरी उन्हात उभ्या राहतात, हॉकीत प्रत्येकीच्या हाती काठी असते. असा माणूस खरं तर आमच्या संघटनेत पाहिजे होता. मैदान म्हणजे उन्हाळ्यात आटलेली बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं लहान तळं. वाळलेल्या गाळाला भेगा पडलेल्या, चेंडू भेगेत अडकायचा नाहीतर तिच्या काठावरून थेट तोंडावर यायचा. त्यामुळे गोलकीपर व्हायला एकही पोरगी तयार नव्हती. हेमाताई झाली. पायांना बांधायचे पॅड तिच्या बापानं करून दिले, खताच्या पोत्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून. चेंडू लागला की त्यातून धानाचा भुसा उडायचा आणि ती शिंकत शिंकत पुढचा चेंडू अडवायची. मग सर बदलून गेले, बोडीत पाणी भरलं, आणि करडीतली हॉकी संपली. हेमाताईच्या गुडघ्यांत तेवढी राहिली.

पण प्रेक्षक म्हणून ती थांबली नाही. आपल्या पोरींचा सामना असला की तिचा मोबाइल काचपट्ट्यांच्या डब्याला टेकवून उभा. आवाज बंद. ती रक्त तपासतेय आणि एक डोळा मोबाइलवर. तिचं बघणंही उलटं होतं. गोल झाला की आम्ही मारणारीला बघायचो. ती म्हणायची, "तिच्याकडे सारेच पाहतात रे. ते खाली पडलेली गोलकीपर पाह. जाळीतला चेंडू शेवटी तिलेच काढा लागते."

आमचे वॉर्डबॉय गणूभाऊ, हे कायम नोकरीतले, त्यांनी मला टोकियोच्या ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. करोनाचे दिवस होते, मी तेव्हा इथं लागलेलो नव्हतो. आपल्या पोरींचा पदकाचा सामना सकाळी होता आणि हेमाताई प्लॅस्टिकचा अंगभर पोशाख घालून लोकांच्या नाकातले नमुने घेत होती. मोबाइलला हात लावता येत नव्हता, म्हणून गणूभाऊ खिडकीबाहेर उभे राहून तिला खेळ सांगत होते. गणूभाऊंना हॉकीतलं काही कळत नाही. ते म्हणायचे, "इकडचे पळून राहिले, आता तिकडचे पळून राहिले." पोरी हरल्या. थोडक्यात हरल्या, पण हरल्या. संध्याकाळपर्यंत सगळा देश म्हणत होता, पोरींनो, तुम्ही मनं जिंकली. हेमाताई तो पोशाख उतरवत होती, आत घामानं भिजून अंगाला सुरकुत्या पडलेल्या. ती गणूभाऊंना म्हणाली, "मन जिंकून काय करतेत जी? आमच्यासाठीबी थाळ्या वाजवल्या होत्या लोकांनं. त्या थाळीत कोणं काही वाढलं काय?"

हे वाक्य मी पुढे तीन पत्रकांत वापरलं. तिचं नाव न घालता. तिनं ओळखलं आणि मला हाक मारायचं नावच पाडलं, पत्रकवाल्या.

दुसरं वेड कार्टूनचं. वय पस्तिशीच्या पुढे, पण जपानी कार्टूनचं नाव काढलं की बाई दहा वर्षांची व्हायची. त्यांच्या गावात शेजारच्या घरी केबल आली तेव्हा शाळेतून आल्यावर अर्धा तास हिंदीत बोलणारी ती जपानी पोरं तिथे दिसायची. मोठे डोळे, काटेरी केस, आणि एका उडीला अख्खा भाग. पोरगा चेंडू मारायला हवेत उडाला की त्याला आई आठवायची, गुरू आठवायचा, मेलेला मित्र आठवायचा, पाऊस सुरू होऊन थांबायचा, तरी पाय चेंडूला लागायचा नाही. आणि नेमका लागणार तेव्हा लोडशेडिंग. त्या काळात विदर्भात वीज कधी जायची हे विचारू नका, कधी यायची ते विचारा. एका कार्टूनचा शेवट तिनं असाच कधी पाहिला नाही. शेवटचा सामना, पोरगा हवेत, आणि दिवे गेले. पुन्हा आले तोवर दुसरंच काही चालू झालेलं.

मी म्हटलं, ताई, मोबाइलवर आत्ता सापडेल, काढून देऊ का. तिनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि उलटा ठेवला. म्हणाली, पाहून काय करू, संपून जाईल. ते पोट्टं अजून हवेत आहे, हरलं नाही अजून.

मला तेव्हा राग आला होता. आजही येतो. माणसाला अकरा-अकरा महिन्यांवर जगवलं की तो असा विचार करायला लागतो. शेवट लांबला म्हणजे बरं झालं, पुढच्या भागात काहीतरी होईल, आत्ता फक्त दिवे जाऊ नयेत. आमच्या व्यवस्थेनं या जिल्ह्यातली शिकलीसवरलेली पोरंपोरी अशी हवेत लटकवून ठेवली आहेत आणि वर विचारते, तुम्ही खाली का येत नाही.

पण ती उडी तिनं कामाला लावली होती, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या भागात सिकलसेलचा आजार फार. लहान लहान लेकरांचं रक्त पुन्हा पुन्हा काढावं लागतं, आणि सुई पाहिली की लेकरू आईच्या गळ्याला मिठी मारून दवाखाना डोक्यावर घेतं. हेमाताई लेकराला सांगायची, डोळे मीट, एक पोरगा पळत येऊन राहिला, आता उडाला, पाह किती वर गेला, आता त्याले त्याची माय दिसून राहिली खाली, ते त्याले म्हणते डबा खाल्ला काय. लेकरू पोरगा खाली कधी येतो याची वाट बघत बसायचं. तोवर नळी भरलेली असायची. एका सिकलसेलवाल्या पोरीनं तर सुई निघाल्यावर भांडण केलं होतं, की उडी अजून संपली नाही, पुन्हा टोच.

आता कार्डांचं सांगतो, कारण सगळं तिथून बिनसलं.

हॉकीत पंच तीन रंगांची कार्डं दाखवतो. हिरवं म्हणजे ताकीद, दोन मिनिटं बाहेर. पिवळं म्हणजे त्याहून जास्त वेळ बाहेर. लाल म्हणजे गेलास तू. हेमाताईनं सरकारी फाइलींचे जुने पुठ्ठे कापून तशी तीन कार्डं केली होती आणि ती एप्रनच्या खिशात असायची. गणूभाऊंनी नमुन्यांच्या फ्रिजमध्ये मुगाच्या वड्यांचा डबा ठेवला, हिरवं कार्ड. मी भर गर्दीत तिच्याकडे कालचे आकडे मागायला गेलो, पिवळं. ज्याला कार्ड मिळालं त्यानं मुकाट्यानं दाराबाहेर जाऊन उभं राहायचं, हा नियम. पेशंट हसायचे, बाहेर उभा राहणारा हसायचा, आणि काम थोडं हलकं व्हायचं. आमचे डॉक्टर, शिक्षण संपवून बंधपत्राची वर्षं भरायला आलेले तरुण गृहस्थ, त्यांनी एकदा उपाशीपोटीची तपासणी जेवून आलेल्या माणसाला लिहून दिली. त्यांनाही पिवळं मिळालं. ते खरोखर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले, हात मागे बांधून. त्या दिवशी हेमाताईला वाटलं असणार, की हा दवाखाना आपला आहे आणि इथे खेळाचे नियम सगळ्यांना सारखे आहेत. कायम नोकरीतला माणूस ही चूक करत नाही. त्याला नियम कोणाला लागतात ते पाठ असतं. ही चूक करायला आमच्यासारखं वर्षानुवर्षं बिनहक्काचं राबावं लागतं. तेवढ्या राबण्यानं वाटायला लागतं, की हक्क नसला तरी नातं आहे.

उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला. तिनं सांगितलं, पुन्हा सांगितलं, शेवटी सांगायला गेली की लोक दुसरीकडे बघायला लागले. लसीची शीतपेटी मागितली तर ती लसीचीच म्हणून मिळाली नाही. जिल्ह्याला पाठवायचे सिकलसेलचे नमुने त्या उकाड्यात खराब झाले. बपेऱ्यासारख्या लांबच्या गावची माणसं, मजुरी बुडवून लेकरं घेऊन आलेली, त्यांना परत बोलवावं लागलं. त्यांची तोंडं हेमाताईनं पाहिली. आढावा घेणाऱ्यांनी नाही पाहिली.

आढाव्याला आम्हाला कंत्राटावर पुरवणाऱ्या एजन्सीचे समन्वयक आले. हे साहेब भंडाऱ्याला बसतात, गाडीतून उतरताना मोबाइल कानाला असतो आणि जातानाही तोच कॉल चालू असतो. सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर त्यांनी खराब नमुन्यांचा विषय काढला. हेमाताई उठून फ्रिजचं सांगायला लागली. ते म्हणाले, "फ्रिजचं कारण नका सांगू. तुम्ही कंत्राटी लोक दुपारी झोपा काढता, आणि आम्हाला वर उत्तरं द्यावी लागतात."

हेमाताईचा हात खिशात गेला. मला वाटतं तिनं ठरवून केलं नाही, इतक्या वेळा केलेली गोष्ट हातानं आपणहून केली. तिनं लाल कार्ड काढलं आणि डोक्याच्या वर धरलं, सरळ, पंच धरतो तसं.

वर पंखा फिरत होता. साहेबांना आधी काही कळलंच नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, हे काय आहे. डॉक्टरांना चांगलं माहीत होतं हे काय आहे. ते टेबलाकडे बघत म्हणाले, माहीत नाही सर. गणूभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. अख्ख्या खोलीत कोणी हसलं असतं तरी गोष्ट मिटली असती, गंमत होऊन गेली असती. कोणी हसलं नाही. हेमाताईचा हात वरच राहिला आणि मग हळूहळू खाली आला.

अकरा महिने भरले. खंडाच्या दिवशी आम्ही नेहमीसारखे सगळे कामाला आलो, तीही आली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आदेश आले. तिचा नाही.

मी रात्रीतून पत्रक लिहिलं आणि सकाळी तिच्याकडे घेऊन गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. पत्रक हातात घेतलं नाही, मलाच वाचायला लावलं. मी माझ्या परीनं जोरात वाचलं. म्हटलं, ताई, सगळ्यांना कामबंदला उभं करतो.

"कोणाकोणाले विचारलं?"

मी विचारलं होतं. नवा आदेश हातात पडलेला माणूस कामबंदला उभा राहत नाही. कोणाचं लेकरू शिकायला नागपूरला, कोणाच्या घरी आजारपण, कोणी म्हणालं आधी तिनं माफी तर मागून बघावी. साहेबांचाही निरोप तसाच होता, त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर माफी मागा, मग बघू.

"मागतो मी," हेमाताई म्हणाली.

मी चिडलो. म्हटलं, आज तू वाकलीस तर उद्या आपल्या सगळ्यांना वाकावं लागेल, फ्रिज कोणाचा बंद होता, झोपा काढतात असं कोण म्हणालं, तू कशाची माफी मागतेस.

तिनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "तुहा आदेश आला न?"

आला होता.

"मंग असं हाये पाह, पत्रकवाल्या. तुले माही गोष्ट पायजे, मले माही नोकरी पायजे. माह्या नावानं काही छापू नोको."

तिच्या नवऱ्याचं तुमसरला कापडाच्या दुकानात काम, ते असलं तर असलं. पण मला वाटत नाही की तेवढ्यासाठीच ती वाकली. तिला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. तिला तीच खोली पाहिजे होती, तोच सूक्ष्मदर्शक, ज्याचा एक स्क्रू ढिला आणि तिथे तिनं चिकटपट्टी गुंडाळलेली. तिच्या मते ती खोली रिकामी सोडणं म्हणजे जाळी उघडी टाकून निघून जाणं.

माफी तिनं मागितली. त्याच खोलीत, तोच पंखा. इस्त्रीची साडी नेसून आली होती. म्हणाली, "सर, माझी चूक झाली. मला माफ करा. मला पुन्हा संधी द्या." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'मले'च ऐकलेलं. त्या दिवशी ती पुस्तकातल्यासारखं बोलली. साहेब म्हणाले, बघतो. संपर्कात राहा.

पुढच्याच आठवड्यात नवी मुलगी आली, आदेश घेऊन. पवनीकडची, कोंढ्याची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, भेदरलेली. तिचा दोष नाही, हे पत्रकातही मी लिहिलं असतं. यंत्र कसं चालतं हे तिला कोणी दाखवणारं नव्हतं. मग डॉक्टरांनी हेमाताईला फोन केला, दोन-चार दिवस येऊन शिकवाल का, साहेबांच्या नजरेत चांगलं दिसेल. ती आली. फुकट. आपल्या जागेवर बसलेल्या मुलीला तिनं सगळं शिकवलं, ढिल्या स्क्रूपासून लेकरांना बोलण्यात कसं गुंतवायचं इथपर्यंत. मी दारातून बघत होतो आणि माझ्या हाताच्या मुठी वळत होत्या. कोणावर उगारायच्या ते कळत नव्हतं. त्या मुलीवर नाही. डॉक्टरांवरही पुरत्या नाही, तेही आपली वर्षं मोजत बसलेले. हीच या कारभाराची हुशारी आहे, समोर उभा असतो तो नेहमी आपल्यासारखाच कोणीतरी.

शिकवून झालं. आदेश आला नाही. पण साहेब म्हणाले होते, संपर्कात राहा. आता तुम्हीआम्ही याचा अर्थ काय घेऊ, की अधूनमधून फोन करावा. हेमाताईनं अर्थ घेतला, की दिसत राहावं. ती रोज सकाळी यायची. हजेरीच्या वेळेला, धुतलेला एप्रन घालून, प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसायची. पेशंट तिलाच आधी विचारायचे. नव्या मुलीला अवघडल्यासारखं व्हायला लागलं, तिनं बिचारीनं कोणाला सांगितलं असेल नसेल, पण वरून तोंडी निघालं, बाहेरच्या व्यक्तींना आत बसू देऊ नये. गणूभाऊंनी तिला ते सांगितलं तेव्हा ते रडत होते. तिनंच त्यांना पाणी आणून दिलं.

मला वाटलं, आता थांबेल. मी तुमसरच्या एका खाजगी लॅबवाल्याशी बोललो होतो, तो घ्यायला तयार होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिकडे लागलो आन् इकडे आदेश आला त मंग?"

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. धानाच्या रोवणीचे दिवस, दवाखान्यात गर्दी कमी. मी कामावर येत होतो. दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, तिच्या ताडपत्रीखाली ती उभी होती. एप्रन पांढराशुभ्र, घडीची रेघ दिसत होती. खिशाला पेन. मी गाडी लावून तिच्याकडे जाणार, तेवढ्यात एक म्हातारा नातवाला घेऊन तिच्यासमोर थांबला. चिखलानं दोघांचे पाय भरलेले. त्यानं विचारलं, मॅडम, रक्त कुठं तपासतेत.

ती त्याला फाटकापर्यंत घेऊन आली आणि फाटकाच्या अलीकडे थांबली. हात लांब करून दाखवलं.

"सिद्धे जा, डाव्या हाताले तिसरी खोली. पोट्टा उपाशी हाये न?"

म्हातारा हो म्हणाला. दोन पावलं आत गेला, मग मागे वळला. त्याला वाटलं होतं रक्त हीच काढणार.

"तुमी येऊन नाही राहिल्या का, मॅडम?"

"तुमी व्हा समोर," हेमाताई म्हणाली. "मी येतोच मागून."